पोहता येते, पण समुद्रात केव्हा उतरावे?

कोथरूडच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार दिवस कोकणात जात आहोत. आम्ही दोघे, १३ वर्षांची मुलगी, ८ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. सासूबाई सोडून सर्वांना तलावात पोहता येते. मुलगी तर न थांबता ३० फेऱ्या मारते. दिवेआगर जास्त सुरक्षित की तारकर्ली? मुलांना बनाना राइड आणि पॅरासेलिंग करायचे आहे, मला स्कूबा करून पाहायचे आहे. या गोष्टींवर कितपत विश्वास ठेवावा?"

ताई, मी पुण्यातल्या तलावांवर २४ वर्षे पोहणे शिकवतो आहे आणि त्यांतली शेवटची १५ वर्षे दर हिवाळ्यात विद्यार्थ्यांच्या तुकड्या कोकणच्या किनाऱ्यावर घेऊन जातो आहे. आपल्या प्रश्नात किनाऱ्यांची नावे आहेत, पण वेळ कोठेच नाही. पुण्याहून निघणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी गाव ठरवतो, मग राहण्याची सोय बघतो, मग माशांचे जेवण कोठे चांगले मिळते याची चौकशी करतो आणि पाण्यात केव्हा उतरायचे हे मात्र तेथे पोहोचल्यावर, चहा झाला की, ठरते. माझ्या अनुभवात त्या चहानंतरच्या दोन तासांनीच सर्वांत जास्त घात केला आहे. म्हणून आधी वेळेबद्दल लिहितो.

कोकणच्या किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात आणि त्यांची वेळ दररोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोळी बांधवांकडे यासाठी घड्याळ नसते, तिथी असते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या सुमाराला, दिवसातून दोनदा, पूर्ण भरती असते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती. पौर्णिमा आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. या हिशेबात अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, त्यामुळे जाण्यापूर्वी जवळच्या बंदराचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक अवश्य पाहावे. परंतु घरात कालनिर्णय टांगलेले असेल तर सहलीची तारीख ठरवताना एवढे गणित पुरेसे आहे.

आता हे गणित दिवाळीला लावून पाहा. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते, म्हणजे पाडवा आणि भाऊबीज नेमक्या उधाणाच्या दिवसांत पडतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती सर्वांत वर चढते आणि ओहोटी सर्वांत खाली जाते, त्याला उधाण म्हणतात; अष्टमीच्या सुमारास पाणी थोडेच वरखाली होते, त्याला भांग म्हणतात. भाऊबीजेला, म्हणजे द्वितीयेला, दुपारी दीडच्या आसपास पूर्ण भरती आणि पावणेआठच्या आसपास पूर्ण ओहोटी असते. पाणी सहा तास सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन, आणि मग पुन्हा दोन व एक असा तो क्रम असतो. म्हणजे भाऊबीजेला साडेतीन ते साडेपाच या दोन तासांत, जेव्हा पुण्याहून आलेली मंडळी जेवून, डुलकी काढून, चहा घेऊन सूर्यास्तापूर्वी "जरा पाण्यात जाऊन येऊ" असे म्हणत असतात, तेव्हाच समुद्र सर्वांत जोरात मागे जात असतो. त्यात ऊन उतरलेले, डोळ्यांवर समोरून तिरीप आलेली आणि पाठोपाठ अंधार.

त्याउलट त्याच दिवशी सकाळी सातच्या सुमाराला ओहोटी संपते आणि पाणी चढू लागते. साडेआठ ते साडेबारा हा काळ आपल्याला जवळजवळ आंदण मिळालेला आहे: चढते पाणी, स्वच्छ उजेड, आणि किनाऱ्यावर जाग. ओहोटी संपल्यावर एक तासाने पाण्यात उतरावे आणि पूर्ण भरतीच्या तासभर आधी बाहेर यावे, असा माझा नियम आहे. शेवटचा तास सोडण्याचे कारण असे की, पूर्ण भरतीला पाणी किनाऱ्याच्या वरच्या, चढ्या भागाला भिडते, लाटा पायाशीच आपटून फुटतात आणि लहान मुले त्या आपटण्याखाली सापडतात. दुपारी खुशाल झोपा, संध्याकाळी कोरड्या वाळूवर फिरा. पाडवा आणि भाऊबीज सोडून चार-पाच दिवसांनी, षष्ठी-सप्तमीला जाता आले तर आणखी चांगले, कारण तेव्हा समुद्र भांगाकडे झुकलेला असतो.

एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. अलिबागच्या बाजूला उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत ४ मीटरच्या आसपास फरक असतो. दक्षिणेकडे जाताना तो कमी होत जातो आणि मालवणला साधारण निम्म्यावर येतो. ४ मीटरांतले २ मीटर मधल्या दोन तासांत चढतात. किनाऱ्याचा उतार ५० मीटरला १ मीटर इतका सौम्य असेल तर त्या दोन तासांत पाण्याची कड १०० मीटर पुढे येते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत गेलेले लोक परतीच्या वेळी कमरेएवढ्या पाण्यात का सापडतात, आणि ओल्या वाळूवर हौसेने नेलेल्या गाड्या दोरखंड लावून का ओढाव्या लागतात, याचे उत्तर एवढ्यातच आहे. गाडी वाळूवर नेऊच नये हे माझे मत आहे. वाळूत पहुडलेल्या माणसांच्या दृष्टीनेही ते बरे.

दुसरा मुद्दा तीस फेऱ्यांचा. आपल्या मुलीचे कौतुकच आहे, परंतु तलावातल्या फेऱ्या म्हणजे दर २५ मीटरला विश्रांती, तळाला निळी रेघ, डोळ्यांवर चष्मा आणि हवे तेव्हा टेकता येईल असा कठडा. समुद्रात यांतले काहीच नसते. पाणी डोळ्यांत झोंबते, लाट तोंडावर येते तेव्हाच नेमका श्वास घेण्याची वेळ झालेली असते आणि आपण सरळ पोहतो आहोत की वाकडे, हे मान वर काढल्याशिवाय समजत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुड-जंजिऱ्याजवळच्या किनाऱ्यावर पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा ना पावसाळा होता, ना वादळ. हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी, वरून शांत दिसणाऱ्या समुद्रात हे घडले. त्या वर्षानंतर मी माझ्या तुकड्यांसाठी एक चाचणी सक्तीची केली आणि तीच आपल्या चौघांसाठी सुचवतो. जाण्यापूर्वी दोन रविवार आपल्या तलावावर, चष्मा न लावता, ५ मिनिटे उताणे तरंगून दाखवावे. २ मिनिटे खोल पाण्यात उभ्याने पाणी तुडवावे. आणि डोके पाण्याबाहेर ठेवून, समोर बघत, २५ मीटर पोहावे. आमच्या तलावावर फेऱ्यांवर फेऱ्या मारणारी निम्मी मुले पहिल्याच परीक्षेत, उताणे तरंगण्यात, अडखळतात, कारण शिबिरात तरंगण्याला कोणी गुण देत नाही. जुन्या पिढीतली, पाठीला डबा बांधून विहिरीत पडलेली माणसे या बाबतीत बरी असत. त्यांना वेग नव्हता, पण पाण्यावर निवांत पडून राहता येत असे.

तरंगणे इतके महत्त्वाचे का, हे समजण्यासाठी ओढ कशी तयार होते ते पाहिले पाहिजे. किनाऱ्याला समांतर वाळूचे बांध पाण्याखाली तयार होतात. लाटा त्यांच्यावरून पाणी किनाऱ्याकडे लोटतात आणि ते पाणी परत जायला वाट शोधते. बांधात जेथे खिंड असते तेथून ते एकवटून बाहेर धावते. हाच रिप करंट. किनाऱ्यावरचे लोक त्याला नुसते "ओढ" किंवा "करंट" म्हणतात. ओहोटीत बांधावर पाणी उथळ होते, सगळा भार खिंडीवर येतो आणि ओढ वाढते. तिचा वेग एरवी माणसाच्या सावकाश चालीएवढाच असतो, पण जोर आल्यावर तो सेकंदाला २ मीटरच्या पुढेही जातो. पुरुषांच्या १०० मीटर फ्रीस्टाइलचा विश्वविक्रम ४७ सेकंदांच्या आतला आहे, म्हणजे जगातला सर्वांत वेगवान माणूस सेकंदाला २ मीटरहून थोडा अधिक पोहतो, तेही पाऊण मिनिटच. तेव्हा ओढीच्या विरुद्ध किनाऱ्याकडे पोहण्याचा विचारच मनातून काढून टाकावा.

दुर्दैव असे की ओढीची जागा नवख्याला सर्वांत सुरक्षित वाटते. दोन्ही बाजूंना लाटा पांढऱ्या फुटत असतात आणि मधला एक पट्टा मात्र गुळगुळीत, थोडा गडद दिसतो. आई-वडील मुलांना घेऊन नेमके तेथे जातात, कारण "इकडे लाटा नाहीत". जवळून पाहिल्यास त्या पट्ट्यात पाणी गढूळ असते आणि फेस किनाऱ्याकडे येण्याऐवजी समुद्राकडे सरकताना दिसतो. मी तुकडी घेऊन गेलो की पहिली २० मिनिटे कोणालाही पाण्यात जाऊ देत नाही. वाळूच्या उंच कडेला सगळ्यांना बसवतो आणि प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो: लाटा कोठे फुटत नाहीत? मग नारळाची दोन-तीन सोडणे (वरची साले) घेऊन गुडघाभर पाण्यात स्वतः जातो आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी टाकतो. एका डिसेंबरात दापोलीजवळच्या कर्द्याला टाकलेल्या तीन सोडणांपैकी दोन लाटेबरोबर परत येऊन वाळूत रुतली. तिसरे आधी किनाऱ्याला समांतर डावीकडे गेले, क्षणभर थबकले आणि मग कोणीतरी दोरीने ओढावे तसे सरळ आत निघाले. मुले मोजत होती. पन्नास म्हणेपर्यंत ते फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे ठिपक्याएवढे झाले होते. त्यानंतर "सर, आम्ही का नाही जायचे?" असे कोणी विचारले नाही.

ओढीत सापडलेच तर करण्याचे क्रमाने सांगतो. ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. खाली जातो तो दमलेला माणूस. म्हणून पहिल्यांदा उताणे व्हावे, श्वास ताब्यात आणावा आणि एक हात वर करून हलवावा. थोडा दम आला की किनाऱ्याला समांतर पोहावे, कारण ओढीचा पट्टा बहुतेकदा १० ते ३० मीटरच रुंद असतो. जेथे लाटा पांढऱ्या फुटताना दिसतात तेथे बांध असतो. तिकडे पोहोचल्यावर लाटांबरोबर तिरपे बाहेर यावे. समांतर पोहणेही जमेना तर नुसते तरंगत राहावे. लाटांच्या पलीकडे ओढीचा जोर ओसरतो. माझी एक विद्यार्थिनी, तेव्हा अकरावीत होती, अशीच आत गेली होती. मी तिला हाक मारत काठाकाठाने चालत होतो आणि ती उताणी पडून, हात वर करून, माझ्याकडे बघत होती. साधारण ८ मिनिटांनी ती दीडशे मीटर पलीकडे चालत बाहेर आली. पाण्यात काय वाटले असे विचारल्यावर ती म्हणाली, "सर, तुमचा राग येत होता, तुम्ही आत का येत नव्हता म्हणून." मी कमरेला दोर आणि हातात तरंगता डबा घेऊन तयार होतो, पण तिला गरज नव्हती, मी आत गेलो असतो तर एकाऐवजी दोघांची काळजी किनाऱ्याला करावी लागली असती.

आता किनाऱ्यांबद्दल, ज्याविषयी आपण मुळात विचारले होते. बारीक, दाबून बसलेली वाळू असेल तर उतार सौम्य असतो आणि लाटा दूरवर फुटून पायाशी फेस होऊन येतात. जाड, भुसभुशीत वाळू असेल तर उतार एकदम असतो आणि दोन पावलांत पाणी घोट्यावरून छातीवर येते. चालताना पाऊल किती रुतते एवढ्यावरून हे ओळखता येते. पुण्याहून ताम्हिणी घाटाने गेल्यास दिवेआगर साधारण १६० किलोमीटरवर आहे, किनारा लांब आणि उतार सौम्य आहे. २०२० च्या जूनमधल्या निसर्ग चक्रीवादळाने तेथील सुरूची आणि नारळी-पोफळीची पुष्कळ झाडे गेली, पण वाळू तशीच आहे. दापोलीजवळचे कर्दे आणि मुरुड हेही नवख्यांना बरे. गणपतीपुळ्याला दर्शन घ्यावे, वाळूत बसावे, पण पाण्यात उतरू नये. तेथील उतार फसवा आहे आणि दरवर्षी ताकीद देऊनही लोक जातात. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर खडकांवरून लाट माणसाला उचलून नेते, त्यामुळे ती वाट ओहोटीतच आणि गावकऱ्यांना विचारून करावी. तारकर्लीचा मधला किनारा चांगला आहे, परंतु देवबागला जेथे कर्ली नदी समुद्राला मिळते तेथे पोहणे म्हणजे नदी आणि ओहोटी या दोघींशी एकाच वेळी झुंजणे होय. कोणत्याही खाडीच्या मुखापासून निदान अर्धा किलोमीटर दूर राहावे. आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यायचे तर, ८ वर्षांचा मुलगा आणि आजी बरोबर असताना मी दिवेआगर निवडेन. स्कूबासाठीच जायचे असेल तर तारकर्ली.

कोठेही गेलात तरी खोलीची मर्यादा मोठ्यांसाठी कंबर आणि मुलासाठी मांडी अशी ठेवावी आणि मुलगा हाताच्या अंतरावर असावा. "मी बघतो आहे" हे अंतर नव्हे. फुगवलेल्या ट्यूब आणि हवेच्या गाद्या घरीच ठेवाव्यात. शाळेत आपण मतलई वारे आणि खारे वारे शिकलो ते येथे उपयोगी पडते: हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि ट्यूबवर बसलेले मूल, पाणी आरशासारखे शांत असताना, हसत हसत आत जाते. जीन्स, साडी, ओढणी घालून पाण्यात उतरू नये. उथळ पाण्यात सूर मारू नये, कारण पाण्याखालचा बांध मानेचे हाड मोडण्याइतका टणक असतो. मद्य घेतलेला माणूस कितीही चांगला पोहणारा असला तरी त्याला मी पाण्याजवळ येऊ देत नाही, यावरून माझी मित्रांशी भांडणे झाली आहेत.

जलक्रीडांबद्दल विश्वास ठेवावा का, असे आपण विचारता. तो धंद्यावर सरसकट ठेवू नये आणि अविश्वासही सरसकट दाखवू नये; समोरचा माणूस आणि समोरचे सामान पाहावे. पावसाळ्यात, मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत, किनाऱ्यावरच्या जलक्रीडा बंद असतात. त्या काळात कोणी "हळूच एक फेरी मारून आणतो" म्हणाला तर तेथून चालते व्हावे. दिवाळीत त्या सुरू असतात, पण गर्दी इतकी असते की जॅकेट एकाच्या अंगातून निघून ओलेच दुसऱ्याच्या अंगावर चढते. काही वर्षांपूर्वी एका किनाऱ्यावर माझ्या पुतण्याला दिलेल्या जॅकेटचे मधले बक्कल तुटलेले होते आणि त्या जागी सुतळीची गाठ मारलेली होती. मी दुसरे मागितले तेव्हा उत्तर मिळाले, "काका, पाच मिनिटांचीच राइड आहे." आम्ही पैसे परत न मागता निघालो, कारण वाद घालण्यात मुलाचा उत्साह पुन्हा वाढला असता. जॅकेट तपासण्याची माझी पद्धत सोपी आहे. सगळी बक्कले लावून पट्टे घट्ट करावेत, मग मुलाला हात वर करायला सांगून जॅकेटचे खांदे धरून त्याला उचलल्यासारखे करावे. जॅकेट हनुवटीच्या वर सरकले तर ते त्याच्या मापाचे नाही. पाण्यात पडल्यावर मूल खाली राहील आणि जॅकेट वर येईल. मोठ्यांचे जॅकेट आवळून मुलाला घालणे म्हणजे डोळ्यांत धूळ फेकणे आहे.

बनाना राइडमध्ये चालक शेवटी मुद्दाम वळण घेऊन सर्वांना पाण्यात पाडतात आणि तीच त्यातली गंमत मानली जाते. निघण्यापूर्वी "पाडू नका" असे स्पष्ट सांगता येते आणि बहुतेक चालक ते ऐकतात. पडल्यावर बोटीच्या मागच्या बाजूने कधीही चढू नये, कारण तेथे पंखा असतो. बोट थांबून इंजिन बंद झाल्यावरच तिच्याकडे जावे. मुलाला मी ८ व्या वर्षी यावर बसवणार नाही. मुलीने बसायला हरकत नाही, पण जेट-स्की आणि बोटी जेथून सुटतात तेथून पोहणारे लोक वेगळे ठेवले आहेत का, हे आधी पाहावे. दोन्ही एकाच पाण्यात असतील तर तो किनारा जलक्रीडांसाठीही नको आणि पोहण्यासाठीही नको. जेट-स्की स्वतः चालवायची असल्यास इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधल्याशिवाय बसू नये. चालक पडला की त्या दोरीमुळेच यंत्र थांबते.

पॅरासेलिंग हे मुख्यतः वाऱ्याचे आणि दोराचे काम आहे. ते सकाळी अकराच्या आत करावे. दुपारनंतर खारा वारा वाढतो आणि समुद्रावर पांढरे फेस दिसू लागले की छत्री वर नेणे धोक्याचे होते. दोराला हात लावून पाहावा: बाहेरचे धागे पिंजलेले असतील, मध्ये गाठ असेल किंवा तो उन्हाने कडक झालेला असेल तर नको. गाडीने वाळूवरून ओढत उडवण्यापेक्षा बोटीवरच्या चक्रावरून दोर सोडणारी पद्धत अधिक बरी, कारण पडलोच तर खाली पाणी असते. चालकाचे प्रशिक्षण कोठे झाले, हे विचारण्यात संकोच करू नये. गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षक आणि बोटचालक यांचे प्रशिक्षण होते, आणि ज्याने ते घेतले आहे तो माणूस ते अभिमानाने सांगतो.

स्कूबाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्यात पुणेकरांसाठी एक खास गोष्ट आहे. मालवणला पर्यटकांना देतात ती पहिली ओळख असते: काही मीटर खोली, १५-२० मिनिटे, आणि सबंध वेळ प्रशिक्षकाने पाठीमागून धरलेले असते. पोहता येणे त्यासाठी आवश्यकही नसते. कान मोकळे होणे मात्र आवश्यक असते. खाली जाताना नाक दाबून हलकेच फुंकर मारत दाब सारखा करावा लागतो आणि सर्दी असेल तर ते होत नाही, म्हणून सर्दीत डुबकी घेऊ नये. श्वास कधीही रोखून धरायचा नाही, हा दुसरा नियम. दमा, कानाचे दुखणे, हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. जेथे असा कोणताही प्रश्न न विचारता थेट सिलिंडर चढवतात तेथे थांबू नये. आणि खास गोष्ट ही की डुबकीनंतर उंचीवर जाण्यापूर्वी शरीराला वेळ द्यावा लागतो. डुबकीनंतर विमानप्रवास करू नये हे पुष्कळांना माहीत असते, पण त्यासाठीचे नियम साधारण ६०० मीटर उंचीपासूनच धरतात: एका डुबकीनंतर निदान १२ तास, अनेक डुबक्यांनंतर १८ तास. परतीच्या वाटेवरची आंबोली ६९० मीटरच्या आसपास आहे. इतक्या उथळ डुबकीत धोका फार थोडा असला, तरी शेवटच्या दिवशी सकाळी डुबकी घेऊन दुपारी घाट चढण्यापेक्षा पहिल्या-दुसऱ्या दिवशी डुबकी घेण्यात काहीच खर्च नाही.

बोटीबद्दलही एक सांगतो. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट किनारा जवळ आला असताना उलटली आणि २ पर्यटक दगावले. बोटीतली मंडळी परतीच्या वेळी, "आता आलेच" म्हणून, जॅकेट काढतात हे मी दरवेळी पाहतो. पाय वाळूला लागेपर्यंत बक्कल सोडू नये, आणि बोट भरून वाहत असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहावी.

बरोबर न्यायच्या सामानात मी दोनच वस्तू सुचवतो: १५ मीटर नायलॉनचा दोर आणि घरातला ५ लिटरचा तेलाचा रिकामा डबा, झाकण घट्ट लावलेला. डब्यात कपभर पाणी ठेवले की तो नीट फेकला जातो आणि मोठ्या माणसाचे डोके वर ठेवण्याइतका तरंगतो. बुडणाऱ्याकडे हात पुढे करू नये, डबा पुढे करावा. हातात हात धरून साखळी करण्याचा मोह फार होतो, पण वाळू पायाखालून सरकली की साखळीचे पहिले टोक जाते आणि मग सगळीच जाते.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून किंवा उलटे धरून पाणी काढण्यात एक क्षणही घालवू नये; पाणी त्या मार्गाने फुप्फुसातून निघत नाही आणि उलटी श्वासनलिकेत जाते. एकाने १०८ ला फोन करावा. समुद्रातल्या संकटासाठी सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांकही फोनमध्ये साठवून ठेवावेत. दुसऱ्याने त्याला पाठीवर झोपवून, मान थोडी मागे करून, आधी तोंडावाटे श्वास द्यावेत, प्रशिक्षणाच्या पद्धतीनुसार २ किंवा ५, आणि मग छातीच्या मध्यभागी ३० दाब व २ श्वास असा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. बुडण्यात मूळ अडचण प्राणवायूची असते, त्यामुळे नुसते छातीवर दाब देणे येथे अपुरे पडते. शुद्धीवर आलेल्या आणि "मला काही झालेले नाही" म्हणणाऱ्या माणसालाही खोकला किंवा धाप असेल तर रुग्णालयात न्यावेच.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांना पाण्यात पाय बुडवायचे असतीलच, आणि ते त्यांनी जरूर करावे, पण लाट परत जाताना टाचेखालची वाळू निघून जाते आणि वयस्कर माणूस तेथेच पाठीवर पडतो. म्हणून कोणाचा तरी हात धरून, लाटेकडे पाठ न करता, घोट्याएवढ्याच पाण्यात उभे राहावे. चालताना पाऊल उचलून न टाकता वाळूवर घासत चालावे, म्हणजे वाळूत लपलेले पाखट (स्टिंगरे, शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच निघून जाते. पाखटाने नांगी मारलीच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवावा आणि मग डॉक्टरांकडे जावे. त्यानंतर त्यांना भरतीच्या रेषेच्या बरेच वर, समुद्राकडे तोंड करून, खुर्ची मांडून द्या आणि गळ्यात एक शिट्टी अडकवा. माझ्या तुकडीत हे काम मी नेहमी न पोहणाऱ्याकडे देतो, कारण पोहणाऱ्याचे लक्ष पाण्यातल्या मजेकडे जाते. आजींनी दर मिनिटाला डोकी मोजायची: एक, दोन, तीन, चार. तीनच भरली की लगेच शिट्टी, आणि शिट्टी वाजली की सगळ्यांनी काहीही न विचारता बाहेर यायचे, असे मुलांना घरूनच पढवून न्या. आणि त्या चार तासांत आजींचा मोबाइल पिशवीत राहील एवढे बघा.